फिटरमामा आणि पंचवीस सेंटिमीटरचं वळण

अणुभट्टीच्या इमारतीत फिटरमामा पहिल्यांदा आले ते हात धुवायच्या बेसिनची गळकी तोटी बदलायला. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि गावभर नळजोडणीची कामं करायचे. वॉशर बदलून, पिशवी उचलून ते निघाले, तर जिन्यात जुने इंजिनियर डोकं धरून बसलेले. भिंतीवरून गेलेल्या एका नळीत काहीतरी अडकलं होतं आणि सकाळपासून कुणाला ते सापडत नव्हतं. मामांनी हातातल्या पान्याच्या लाकडी मुठीनं नळीवर ठिकठिकाणी टकटक केली, कान दिला आणि म्हणाले, "इथं आहे. दारापासून दोन हातांवर. आणि ही नळी ज्यानं वाकवलीय त्याला माझ्यासमोर उभा करा."

नळी वाकवणारे इंजिनियर स्वतःच होते. त्यांनी मामांना ठेवून घेतलं. एका तासासाठी आलेला माणूस बत्तीस वर्षं राहिला, आणि त्या बत्तीस वर्षांत तो वैतागलेला नाही असा दिवस मी तरी पाहिला नाही. मी त्यांच्या शेजारच्या, मोजणीच्या खोलीत बावीस वर्षं बसले. मधे एक पातळ भिंत होती. मामा कशावर करवादताहेत ते मला खुर्चीतून न उठता कळायचं.

आमची भट्टी लहान होती. वीज बनवणारी नव्हे. खोल हौदासारख्या टाकीत तळाशी युरेनियमच्या कांड्या, वर सात मीटर स्वच्छ पाणी. तिचं काम न्यूट्रॉन पुरवायचं. चिमूटभर माती, धान्य, केस, खडकाचा चुरा असं काहीही प्लास्टिकच्या डबीत भरायचं आणि ती डबी हवेच्या जोरावर नळीतून थेट त्या कांड्यांजवळ पाठवायची. तिथं न्यूट्रॉनचा मारा बसला की नमुन्यातली मूलद्रव्यं थोड्या वेळापुरती किरणोत्सारी होतात. डबी परत आली की माझं काम सुरू. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. ते मोजले की कशात काय आहे आणि किती आहे हे दशकोटीतल्या एका कणापर्यंत सांगता येतं. ह्याला न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण म्हणतात. मामा ह्याला "पाठवा आणि मोजा" म्हणायचे.

ती जी डबी, तिला सगळीकडे रॅबिट म्हणतात. आम्ही ससा म्हणायचो. अंगठ्याहून जाड, सात सेंटिमीटर लांब, पांढरा. दिवसाला साठ-सत्तर ससे जायचे-यायचे, आणि मामांच्या मागे दिवसभर त्यांचा ससेमिरा असायचा. कुणी झाकण नीट लावायचं नाही, कुणी डबी ठासून भरायचं, कुणी वर कागदी लेबल चिकटवायचं आणि ते नळीत सुटायचं. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं मामांच्या खिडकीसमोर डबी हातात घेऊन शाळेतल्या पोरांसारखी उभी राहायची.

"झाकण किती आटे फिरवलंत?"

"दोन."

"तीन लिहिलंय. समोर. तुमच्या नाकासमोर. वाचता येतं ना?"

सगळे त्यांना मामा म्हणायचे, पण त्यांना मामा बनवणं कुणाला जमलं नाही.

घरीही फार वेगळं नव्हतं. मामी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायच्या. मापाच्या पक्क्या, बोलायला कमी. मोठा भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा आणि इतकी वर्षं त्याचं एकच पालुपद होतं. कुणी पाहुणा आला की तो मामांकडे बोट दाखवून म्हणायचा, "हा बॉम्बच्या कारखान्यात आहे. अंधारात चमकतो म्हणतात. आम्ही काही दिवा घालवून बघितलं नाही." मामांनी सुरुवातीला समजावून सांगितलं. मग चिडून सांगितलं. मग ते जेवणाचं ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले.

तर आमची भट्टी म्हातारी झाली. चाळीस वर्षं झाली तेव्हा वरून ठरलं की ती बंद करायची आणि शेजारच्या मोकळ्या जागेत नवी छोटी भट्टी बांधायची. आकारानं हिच्या निम्मी, पण न्यूट्रॉन जास्त देणारी. कारखान्यात भाग बनवून आणायचे आणि जागेवर जोडायचे. नवीन आराखड्याचं काम मुख्य इमारतीत सुरू झालं. ती आमच्यापासून चालत सात मिनिटांवर होती. दोन वर्षांत त्या सात मिनिटांचं अंतर तिथलं कुणी चाललं नाही.

मग एक दिवस नकाशांचा गठ्ठा आमच्याकडे "माहितीसाठी आणि सहीसाठी" आला. मामांनी चष्मा लावला आणि नळीचा नकाशा टेबलावर पसरला. मी भिंतीपलीकडून दहा मिनिटं काहीच ऐकलं नाही. ही काळजीची गोष्ट होती, म्हणून मी उठून गेले.

मामांनी नकाशावर बोट ठेवलेलं होतं. "हे बघ. हे वळण बघ."

टाकीतून नळी वर येत होती, भिंतीपाशी काटकोनात वळत होती, एक तुळई चुकवून पुन्हा वळत होती आणि मोजणीच्या खोलीत उतरत होती. वळणाशी लिहिलं होतं: त्रिज्या पंचवीस सेंटिमीटर.

"आपल्या जुन्या वळणाची किती आहे?" मी विचारलं.

"पन्नास. आणि पन्नासातसुद्धा महिन्याला दोन ससे अडकतात. पंचवीसमध्ये रोज अडकतील. ह्यांना कुणी सांगितलं का, की आतून ससा जायचाय? का ह्यांना वाटलं पाणी जायचंय?"

हे नुसतं कटकटीचं नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडे जनावरांची एक डॉक्टरीण चाऱ्याचे नमुने घेऊन यायची. चाऱ्यात सेलेनियम कमी असलं की वासरं लुळी पडतात आणि जास्त झालं तर गाईंचे खूर सुटतात. सेलेनियमचा जो प्रकार आम्ही मोजायचो तो सतरा सेकंदांत निम्मा होतो. पुढच्या सतरा सेकंदांत उरलेल्याचा निम्मा. ससा नळीत अडकून मिनिटभरानं आला तर त्यात मोजण्यासारखं फारसं उरत नाही. आणि कांड्यांजवळच अडकून बसला तर तो तापत राहतो, भट्टी थांबवावी लागते, मग चौकशी, मग अहवाल. मामांनी असे तीन अहवाल आयुष्यात भरलेले होते आणि चौथा भरण्यापेक्षा नोकरी सोडेन असं ते म्हणायचे.

त्यांनी सही केली नाही. नकाशाच्या समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं, "अडकेल." आणि परत पाठवला.

पंधरा दिवसांनी छापील उत्तर आलं. "आपली सूचना नोंदवली आहे. गणितानुसार सदर त्रिज्या पुरेशी आहे."

मामांनी ते दोनदा वाचलं. "नोंदवली आहे म्हणे. कुठं नोंदवली? कुणाच्या डोक्यात?"

मग बैठकांचा रतीब सुरू झाला. पहिल्या बैठकीत वळणाचा विषय अकरावा होता आणि आठव्या विषयाला वेळ संपली. दुसरीत संचालक साहेब आले नाहीत. तिसरीला मामांना बोलायला मिळालं. नळीचा नकाशा काढणारी मुलगी समोर बसली होती. तिशीची असेल, केस आखूड, बोलताना हातातलं पेन कधी थांबायचं नाही. आम्ही तिला आपसात नकाशेवाली म्हणायचो. तिनं फार सरळ विचारलं, "का अडकेल?"

"अडकतं."

"हो, पण का? सशाची लांबी सत्तर मिलिमीटर, जाडी पंचवीस, नळी आतून अठ्ठावीस. पंचवीस सेंटिमीटरच्या वळणातून तो निघतो. मी मांडून बघितलंय. थोडीशी जागा उरतेसुद्धा."

"मॅडम, तुम्ही कागदावर मांडलंय. मी एकोणतीस वर्षं नळीतून बाहेर काढतोय."

"मग मला कारण सांगा. मी बदलते."

मामांकडे कारण नव्हतं. अडकतं एवढंच त्यांना ठाऊक होतं, जसं कुठलं दार ओढून लावावं लागतं हे घरच्यांना ठाऊक असतं. ते लाल झाले. म्हणाले, "पुढच्या बैठकीत करूनच दाखवतो."

तीन दिवस त्यांनी वर्कशॉपमध्ये घालवले. नकाशात होती तशीच अॅल्युमिनियमची नळी आणली, तापवून, आत वाळू भरून, हुबेहूब पंचवीस सेंटिमीटरच्या त्रिज्येत वाकवली. आतून कुठं चपटी झाली नाही ना हे बघायला दोऱ्याला बांधून गोटी फिरवली. काम इतकं सुरेख झालं होतं की वर्कशॉपवाल्यानं त्याचा फोटो काढून ठेवला.

चौथ्या बैठकीत मामा ती नळी खांद्यावर घेऊन गेले. मी सोबत होते. टेबलावर नळी टेकवली, खिशातून पांढरा ससा काढला, तोंडाशी ठेवला आणि सायकलच्या पंपानं हवा मारली.

ससा सुळकन बाहेर आला आणि संचालक साहेबांच्या चहाच्या कपाला आपटला.

मामांनी तो उचलून परत घातला. परत सुळकन. हळू हवा मारली, जोरात मारली, नळी उलटी धरली. नऊ वेळा ससा एखाद्या शहाण्या मुलासारखा आला आणि गेला. नवव्या वेळेला टेबलाभोवती कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नकाशेवालीनं वाजवल्या नाहीत, एवढं मी तिच्या बाजूनं सांगते. ती नळीच्या वळणावरून हात फिरवत होती. "किती छान वाकवलीय," ती म्हणाली. त्या क्षणी मामांना हे ऐकायचं नव्हतं.

परतताना सात मिनिटांच्या रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. पुढचे आठ दिवसही नाहीत. भिंतीपलीकडून फक्त नळीत हवा सोडल्याचा फुस्स आवाज. डबी घेऊन येणाऱ्यांना कुणी झाकणाचे आटे विचारेना. लोक आपणहून तीनच्या जागी चार आटे फिरवायला लागले, इतके सगळे धास्तावले.

मी नवव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. मामींनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. माझ्या सगळ्या नळांचे वॉशर बदलून झाले. आता शेजाऱ्यांचे चाललेत."

मामा बाहेरच्या खोलीत भिंतीकडे बघत बसले होते. वरून मोठा भाऊ जिना उतरत विचारत होता की ह्याला काढून टाकलं का. मामी चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "मला हे ससे-बिसे काही कळत नाही. पण आमच्याकडे गिऱ्हाईक जुनी फ्रेम आणतं ना, तिच्यात नवी काच त्याच मापाची घासली तरी बसत नाही. फ्रेम वापरून फाकलेली असते. ह्यांनी तिकडे नेला तो ससा नवा होता का जुना?"

मामांनी मान वळवली. "नवा. पाकिटातला. वापरलेला भट्टीच्या हॉलबाहेर नेता येत नाही."

आणि मग त्यांची बोटं हवेतच एक डबी चाचपायला लागली.

"फुगतात," ते म्हणाले. "अगं, फुगतात ते. आत गरम होतात, मारा खातात, पिवळे पडतात आणि फुगतात. मी रोज हातात घेतो. बोटाला कळतं. मी मूर्खासारखा नवा कोरा घेऊन गेलो."

दुसऱ्या दिवशी मामा परत पूर्वीसारखे करवादायला लागले आणि इमारतीला हायसं वाटलं. पण आता नवी फरफट सुरू झाली. वापरलेला ससा हॉलबाहेर न्यायचा तर परवानगी हवी. बरोबरच आहे, वस्तू किरणोत्सारी असते. महिनाभर शिशाच्या पेटीत पडून राहिलेला ससा जवळजवळ थंड होतो, पण जवळजवळ हा शब्द सुरक्षा विभागाला चालत नाही. फॉर्म चार पानांचा होता. "वस्तूचे वर्णन", "वस्तूचा उद्देश", "हलविण्याचा उद्देश". मामांनी वर्णनात "ससा" लिहिलं. फॉर्म परत आला, त्यावर शेरा: "प्राणी असल्यास वेगळा अर्ज करावा."

मला हसू आवरेना. मामांनी ते हातात धरून इतक्या शांतपणे माझ्याकडे बघितलं की मी मोजणीच्या खोलीत जाऊन हसले.

दुसरा फॉर्म भरला. त्यावर सुरक्षा अधिकाऱ्याची सही हवी होती, तो प्रशिक्षणाला गेलेला. आल्यावर म्हणाला, नवीन नमुन्यातला फॉर्म आलाय, ह्यावर नाही चालत. तिसऱ्या फॉर्मवर पाच सह्या होत्या आणि चौथ्या सहीचा माणूस तेवढ्यात बदलून गेला. पाच आठवडे गेले. तिकडे पाया खणायला घेतला होता. नळीची जागा काँक्रीटमध्ये सोडायची असते. एकदा काँक्रीट पडलं की वळण तिथं कायमचं.

सहाव्या आठवड्यात मी कंटाळून नकाशेवालीला फोन केला. म्हटलं, "ससा तुमच्याकडे येऊ शकत नाही. तुम्ही येता का?"

"कधी?" ती म्हणाली. "आत्ता येऊ?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलंही नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. ती वीस मिनिटांत आली. सात मिनिटं चालायची आणि तेरा मिनिटं फाटकावर पास काढायची. पांढरा कोट, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, छातीला किरणोत्साराची मात्रा मोजायची पट्टी. हौदाच्या कठड्याशी आल्यावर ती क्षणभर थबकली. खाली पाण्यात कांड्यांभोवतीचा निळा उजेड पसरला होता. छोटी भट्टी आखणाऱ्या त्या मुलीनं चालू भट्टी जवळून पहिल्यांदा बघितली, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मामांनाही कळलं असावं, कारण त्यांनी दोन मिनिटं तिला बघू दिलं. नाहीतर कठड्याशी रेंगाळणाऱ्याची ते गय करायचे नाहीत.

मग शिशाची पेटी उघडली. हातमोजे घालून मामांनी सात-आठ जुने ससे ट्रेमध्ये मांडले. पिवळसर, एकदोन तर दुधात हळद टाकल्यासारखे. तिनं खिशातून जाडी मोजायचा कॅलिपर काढला. पहिला मोजला, पंचवीस पूर्णांक आठ मिलिमीटर. दुसरा, पंचवीस पूर्णांक सहा. एक सव्वीस पूर्णांक नऊ भरला. मामांनी वर्कशॉपमधून वाकवलेली नळी आणून ठेवली होतीच. आठ दशांश फुगलेला ससा आत घातला आणि पंपानं हवा मारली. मधल्या वळणात तो रुतून बसला. मामांनी दुप्पट जोर लावला. पंपाचा दांडा वर आला, ससा हलला नाही.

मामांनी पंप बाजूला ठेवला.

नकाशेवाली तिथंच स्टुलावर बसली, वहीत आकडे मांडले. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "आठ दशांश फुगला की पंचवीसमधून निघत नाही. अठ्ठावीस सेंटिमीटरची त्रिज्या लागते." मग तिनं तो सव्वीस पूर्णांक नऊवाला हातात घेतला. "पण हा तर तुमच्या पन्नासच्या वळणातही अडकेल. हा कितव्यांदा वापरलाय?"

मामा म्हणाले, "असेल वीसेक वेळा."

तळाशी सशाचा नंबर कोरलेला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक फेरीला सशाचा नंबर लिहिलेला असतो. एकोणीस वर्षं मी तो लिहीत होते, आणि एकदाही मला त्यांची बेरीज करावी असं सुचलं नव्हतं. मी पानं उलटत बसले. ते दोघं उभे राहिले.

"त्रेसष्ट," मी म्हटलं.

मग तिनं विचारलं, "बनवणाऱ्यानं मर्यादा काय दिलीय?"

ती पाकिटावर छापलेली होती. मामांच्या खिडकीतल्या सूचनेपेक्षा मोठ्या अक्षरात. दहा वेळा.

मामांचा आवाज चढला. "दहा वेळा म्हणे! भांडारातून नवं पाकीट यायला सात महिने लागतात. मागणीपत्र, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र. मी दहा वेळा वापरून फेकत बसलो असतो तर ही भट्टी वर्षातले आठ महिने बंद राहिली असती. मी पुरवून पुरवून वापरले म्हणून चाललं सगळं!"

"मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण म्हणूनच महिन्याला दोन अडकायचे."

मी त्यांना त्या दिवशी जेवढं बिचारं पाहिलं तेवढं टाळ्या वाजल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं. एकोणतीस वर्षं लाकडी मुठीचा पाना घेऊन ते नळीमागे धावत होते, टकटक करत होते, ससे सोडवत होते, आणि लोक म्हणत होते की मामा नसते तर ही नळी चालली नसती. त्यातले निम्म्याहून अधिक ससे त्यांनीच काटकसर करून फुगवलेले होते. मीही त्यात होतेच. आकडे माझ्याच हातचे होते.

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "जनावरांच्या डॉक्टरणीचे गेल्या वर्षी किती नमुने वाया गेले?"

"अठरा," मी म्हटलं.

"तिला परत आणायला सांग. मी नव्या डबीत पाठवतो."

मग दोघांचं भांडण सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून गोष्टी पुढे सरकल्या. ती म्हणत होती, दहा वेळांची मर्यादा पाळली तर पंचवीस पुरतं. मामा म्हणत होते, पाळणार कोण? तुम्ही इथं असाल? मी इथं असेन? पाच वर्षांनी कुणीतरी येईल, त्यालाही भांडारवाला सात महिने लटकवेल, तोही पुरवून पुरवून वापरेल. माणूस चुकणारच हे धरून नळी वाकवा. ती म्हणाली, पन्नास घेतली तर तुळई मधे येते. मामा म्हणाले, तुळई हलवा. ती म्हणाली, तुळईवर छत आहे. असं चार वाजेपर्यंत चाललं. शेवटी चाळीसवर ठरलं, आणि शिवाय डबीच्या तळाशी दहा खाचा, दर फेरीला एक खाच कापायची, खाचा संपल्या की डबी बाद. खाचांची कल्पना तिची. कापायला कानस नको, पक्कड हवी, कानशीचा चुरा नमुन्यात जातो, हे मामांचं.

नकाशा बदलायला बैठक लागलीच. त्या बैठकीत संचालक साहेबांनी विचारलं की मागच्या वेळी तर ससा नऊ वेळा बाहेर आला होता, मग आता बदल कशासाठी. मामांनी तोंड उघडलं, पण नकाशेवालीनं त्यांच्या आधी सांगितलं, "मागच्या वेळी प्रयोग चुकीचा नव्हता, सर. आम्ही प्रश्न चुकीचा विचारला होता. मी विचारला होता." साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सही केली.

भांडाराचं मात्र काही सुधारलं नाही. मामांनी एकदम सहा पाकिटांची मागणी केली. सात महिन्यांनी सहा पाकिटं आली आणि ती दुसऱ्याच मापाची होती.

नवी भट्टी दोन वर्षांत होणार होती. पाच वर्षं लागली. टाकीचं वेल्डिंग एकदा नापास झालं, मग परवाना देणाऱ्यांनी दोनशे चौदा प्रश्न पाठवले, मग लोकांचा मोर्चा आला. मोर्चात मामांचा मोठा भाऊही होता. त्यानं घरी येऊन सांगितलं, "तुझ्याविरुद्ध नव्हतो मी. भट्टीविरुद्ध होतो." मामांना त्या वेळी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. त्यांनी भावाला खुर्चीत बसवलं आणि कागदावर हौद काढून, कांड्या काढून, पाणी काढून दोन तास समजावलं. शेवटी भाऊ म्हणाला, "एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" मामींनी मला नंतर सांगितलं की मामा त्यावर घराबाहेर पडले आणि बाजाराला दोन चकरा मारून आले.

ज्या दिवशी नव्या नळीतून पहिला ससा जायचा होता त्या दिवशी मी मामांना बोलावलं. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, फाटकावर पाससाठी ताटकळत ठेवणार असतील तर येत नाही. त्यांना चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं. ज्या फाटकातून ते बत्तीस वर्षं आत गेले तिथं त्यांना ओळखपत्राची छायाप्रत मागितली, मग त्या छायाप्रतीवर सही मागितली, मग पेन त्यांचंच घेतलं आणि परत दिलं नाही.

ते आत आले तेव्हा पहिला ससा जाऊन आलेला होता. जायला तीन सेकंद, यायला तीन पूर्णांक दोन. दुसराही गेला. जनावरांच्या डॉक्टरणीचा चारा होता तो, आणि पडद्यावर सेलेनियमची रेघ इतकी उंच उठली की ती बाई माझा खांदा धरून उभी राहिली. मामा दारात उभं राहून फाटकावरच्या माणसाबद्दल बोलत होते. मी म्हटलं, "मामा, बघा तरी." त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "बरं आहे," म्हणाले. मग नळीपाशी गेले आणि वळणावर हात ठेवून, हवा सोडल्याचा आवाज येईपर्यंत तसेच उभे राहिले. दिवसभर पंचेचाळीस ससे गेले आणि आले. एकही अडकला नाही. चार वाजता ते म्हणाले, "आता इथं माझं काही काम नाही," आणि हे वाक्य त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं.

पण नकाशेवालीला दुसऱ्या एका ठिकाणची भट्टी मिळाली होती, आणखी छोटी, एका इस्पितळासाठी. तिथं नळी तीन मजले चढवायची होती. पुढच्या आठवड्यात ती नकाशांची गुंडाळी घेऊन मामांच्या घरी हजर झाली. मी काही कामानं तिकडे गेले तर दोघं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवून भांडत होते. मामींनी चहा कुठं ठेवायचा म्हणून विचारलं, तर दोघांनीही वर न बघता एकाच वेळी सांगितलं, "इथं नको!"

मामी कप घेऊन माझ्याकडे आल्या. "दोन तास झाले," त्या म्हणाल्या. "जेवायला वाढायचंय मला. हे टेबल मोकळं कधी होणार, ते तू विचार. माझं कोणी ऐकत नाही."